आईचं विसरणं आणि तुमच्या मनाची टोचणी

घरात आई किंवा बाबा डिमेन्शियाने आजारी असतील आणि त्यांचं सगळं तुम्हीच करत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. कोळगाव, पालघर, उमरोळी, बोईसर, तारापूर या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांसाठी. तुमच्यातले कोणी मूळचे वसईचे, कोणी गोव्याचे. कोणी केरळातून एमआयडीसीत किंवा अणुवीज केंद्रात नोकरीला आलेले. कोणी डहाणू-तलासरीकडचे. प्रार्थनेची भाषा प्रत्येकाची निराळी. पण रात्री दिवा मालवल्यावर मनाला जे टोचतं, ते सगळ्यांचं सारखंच असतं.

आज आईवर ओरडले. तिला कडी लावून दुकानात गेलो. तीन रविवार झाले, मिस्सा चुकली. आणि सगळ्यात जड गोष्ट, जी कोणालाच सांगता येत नाही: देवा, आता तिला ने, असं मनात आलं.

हे सगळं एका गाठोड्यात बांधून तुम्ही उशाशी घेऊन झोपता. ते गाठोडं आधी सोडा. त्यात खरोखर चुकलेलं किती आहे आणि नुसता थकवा किती आहे, ते वेगळं करा. चुकलं असेल त्याची माफी मागता येते. थकव्याची माफी मागायची नसते. थकव्याला झोप लागते, मदत लागते.

पहिली गोष्ट. हा मेंदूचा आजार आहे. आई मुद्दाम करत नाही. पाच मिनिटांपूर्वी जेवली तरी उपाशी ठेवलं म्हणून शेजारणीला सांगते, ती खोटं बोलत नाही. तिच्यापुरतं ते खरंच असतं. तुम्ही तिला चोर वाटता, कारण पाकीट कुठे ठेवलं ते तिला आठवत नाही. संध्याकाळ झाली की तिची घालमेल वाढते, 'मला घरी ने' म्हणते. हेही या आजारात खूप जणांचं होतं.

आणि तुमचं घर एकटं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे साधारण दर चौदा ज्येष्ठांमागे एक. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसणारी म्हातारी माणसं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा आकडा कळेल. काही जागा रिकाम्या झाल्यात. ती माणसं कुठे गेली, हे आपण विचारलेलं नसतं.

हे पापाचं फळ आहे, देवाची शिक्षा आहे, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढून वाचा.

जॉर्ज फर्नांडिस तुम्हाला आठवत असतील. फादर व्हायला सेमिनरीत गेलेला मुलगा पुढे मुंबईच्या कामगारांचा पुढारी झाला, १९७४ चा रेल्वे संप त्यांनी केला, देशाचे संरक्षणमंत्री झाले. मराठीसकट किती भाषा सफाईने बोलायचे. त्यांना अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, झाला. शेवटची कित्येक वर्षं ते लोकांत दिसले नाहीत. २९ जानेवारी २०१९ ला ते गेले. त्याच्या आधी, २०१० मध्ये, त्यांची काळजी कोणी घ्यायची आणि त्यांना कोणी भेटायचं हा घरचा वाद कोर्टात गेला होता. एवढ्या बुद्धीच्या माणसाला हा आजार सोडत नाही. आणि एवढ्या मोठ्या घरात भांडण होतं, तर तुमच्या-आमच्या घरात दोन भावांचं वाजलं म्हणून लाज वाटायला नको. फक्त ते वेळेत मिटवा.

आता ओरडण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त तेच टोचतं.

बोईसरची एक सून मला सांगत होती. सासूबाई पहाटे तीनला उठतात. कपाटातलं ठेवणीतलं लुगडं काढून नेसतात. डोक्यावर पदर घेतात, हातात माळ घेतात आणि दाराशी जाऊन उभ्या राहतात. घंटा झाली, चला, म्हणतात. नवरा पहिल्या पाळीला जाणारा, त्याचा डबा करायचा, म्हणून सुनेला पाचला उठायचं असतं. सुरुवातीला ती समजावत राहिली. अजून रात्र आहे, आज सोमवार आहे, मिस्सा नाही. सासूबाई कडी काढायला लागायच्या. एका रात्री तिने त्यांना दंडाला धरून जोरात खाली बसवलं. बांगडी फुटली, मनगटावर ओरखडा उठला. दहा मिनिटांत सासूबाई सगळं विसरल्या. सून विसरली नाही. ओरखडा भरून आला तरी तिची नजर रोज त्याच जागी जायची.

हे चुकलंच. तिलाही ते माहीत होतं. अशा वेळी काय करायचं?

त्याच दिवशी आईचा हात हातात घेऊन माफी मागा. तिला शब्द कळोत न कळोत, तुमचा आवाज आणि स्पर्श कळतो. मग घरातल्या एका तरी माणसाला खरं सांगा. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला जा, इतर मंडळींतले असाल तर पाळकांशी बोला. एकदा क्षमा मिळाली की तेच पाप दर महिन्याला उकरून पुन्हा सांगू नका. देवाने माफ केलेलं तुम्ही धरून ठेवायचं कारण नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. तो प्रसंग का आला, ते पाहा. ती सून कित्येक महिने सलग चार तास झोपली नव्हती. माफी मागून ती झोप भरून येणार नव्हती. शेवटी नवऱ्याने सुट्टीला लागून असलेल्या दोन रात्री आईच्या खोलीत झोपायचं कबूल केलं. आणि तिने समजावणं सोडलं. आता सासूबाई दाराशी गेल्या की ती त्यांना पलंगावर बसवते, शेजारी बसते आणि माळेचे दहा मणी त्यांच्याबरोबर म्हणते. सासूबाईंना सुनेचं नाव आठवत नाही, पण प्रार्थनेचा एक शब्द चुकत नाही. दहा मणी झाले की बहुतेक वेळा त्या आडव्या होतात. रोज होतात असं नाही.

लहानपणी पाठ झालेली प्रार्थना, गाणं, बोली या आजारात पुष्कळ काळ टिकते. वसई-गोव्याकडच्या ऐंशीच्या पुढच्या कॅथलिक आजीला जुन्या लॅटिन मिस्सेतली गीतं आठवतील, कारण तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची. तिच्याशी तिच्या माहेरच्या बोलीत बोला. बहुतेक वेळा मधे शिकलेली भाषा आधी जाते, आईची भाषा मागे राहते.

हात उचलला जाईल असं वाटलं, की खोलीतून बाहेर पडा. गॅस बंद करा, आई पडणार नाही एवढं बघा आणि ओट्यावर किंवा अंगणात जाऊन उभे राहा. पाच मिनिटं. मग कोणाला तरी फोन करा. बाहेर पडलात म्हणजे आईला टाकलंत असं होत नाही. तिला तुमच्या रागापासून वाचवलंत. आणि हात वारंवार उठायला लागला असेल, तर तुम्ही एकट्याने हे काम करायचे दिवस संपलेत. दुसरं माणूस हवंच.

आता गाठोड्यातलं ते पाहू, जे पाप नाहीच.

आईचे हे हाल संपावेत असं वाटणं पाप नाही. एलिया संदेष्टा झाडाखाली पडून देवाला म्हणाला होता, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला झापलं नाही. दूत पाठवला. त्याने एलियाला झोपू दिलं, ताजी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. उपदेश नंतर. तुमच्यासाठीही क्रम हाच आहे. आधी जेवा, आधी झोपा.

मिस्सा चुकणं. आजारी माणसाजवळ थांबावं लागतं म्हणून रविवारी चर्चला जाता आलं नाही, तर कॅथलिक धर्मशिक्षण त्याला पाप धरत नाही. गंभीर कारण असलेल्याला त्यात सूट आहे. तरी फादरांना निरोप द्या. पुष्कळ ठिकाणी पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी परमप्रसाद आणून देतात, तुमचं घर त्या यादीत आहे का ते विचारा. आजारी माणसाच्या तैलाभ्यंगासाठी शेवटच्या घटकेची वाट बघू नका. आईला गिळायला त्रास होत असेल तर फादरांना आधी सांगा, ते प्रसादाचा लहानसा तुकडा देतील, पाण्याबरोबर.

खोटं बोलण्याची टोचणी. आई विचारते, बाबा कामावरून आले का? बाबांना जाऊन दहा वर्षं झाली. खरं सांगितलं तर ते आत्ताच गेले असावेत तशी ती रडते. आणि अर्ध्या तासाने परत विचारते. तिला दिवसातून चार वेळा विधवा करू नका. खोटंही बोलावं लागत नाही. म्हणा, बाबांची आठवण येते ना? ते बाजारातून तुझ्यासाठी काय आणायचे? ती बाजाराबद्दल बोलायला लागेल. तिला बाबा हवे होते, ते बोलण्यातून थोडे मिळतात.

श्रद्धा कमी पडली, ही टोचणी फार वाईट. प्रार्थनासभेला नेलं, उपास केले, तरी आई बरी झाली नाही. मग कोणी तरी सुचवतं की घरातच विश्वास कमी असेल. असं बोलणाऱ्याला नम्रपणे थांबवा. प्रार्थना जरूर करा, आईच्या डोक्यावर हात ठेवून करा. पण गोळी बंद करू नका. या आजाराला आज तरी पूर्ण बरं करणारं औषध नाही. काही औषधांनी काहींची लक्षणं काही काळ सावरतात, इतकंच. यात तुमच्या विश्वासाची परीक्षा नाही.

मात्र डॉक्टरांना दाखवायचं टाळू नका. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, काही औषधं, मनाची उदासी यांनीही माणूस विसरभोळं होतं, आणि त्याला इलाज आहे. दोन दिवसांत एकदम बडबड, भ्रम वाढला तर म्हातारपण म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्गसुद्धा असं करतो. कानाला कमी ऐकू येतं का, तेही तपासून घ्या. झोपेच्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून देऊ नका.

आता मदतीचं. आपल्याकडे मदत मागणं म्हणजे कर्तव्यात कमी पडणं, असं मनात बसलंय. आईबापांचा मान राख ही आज्ञा आहेच. पण एकट्यानेच राख, असं त्या आज्ञेत कुठेही नाही. कफर्णहूमला लुळ्या माणसाला येशूकडे न्यायला चौघे लागले, आणि घराचं छप्पर उचकटावं लागलं. आणि वधस्तंभावरून येशूने स्वतःच्या आईची सोय कोणाकडे लावली? आपल्या शिष्याकडे. त्या दिवसापासून तिला त्याने आपल्या घरी नेलं. माझ्याच्याने आता होत नाही, तू सांभाळ, असं म्हणणाऱ्या लेकराकडे देव वाकड्या नजरेने बघेल, हे मला पटत नाही.

म्हणून दिवसभरासाठी बाई ठेवलीत, काही दिवस बहिणीकडे पाठवलंत, किंवा शेवटी चांगल्या देखभालीच्या घरात ठेवलंत, तर तुम्ही आईला टाकलं नाही. टाकणं म्हणजे नंतर न जाणं. ठेवलंत तर जात राहा. वेळ न कळवता जा. तिची नखं, पाठ, टाचा बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, टाचांना जखमा होतात. तिची जपमाळ, तिची चादर तिच्याजवळ राहू द्या.

भावंडांना 'तुम्ही काहीच करत नाही' असं म्हणू नका. त्यातून फक्त भांडण निघतं. कागद घ्या. आठवड्याची कामं लिहा: आंघोळ, औषधं, रात्रीची जाग, डॉक्टर, पैसे, कपडे. मग प्रत्येकाला एक काम नाव घेऊन द्या. दुबईचा भाऊ रात्री जागू शकत नाही, पण बाईचा पगार देऊ शकतो. विरारची बहीण रोज येऊ शकत नाही, पण महिन्यातला एक शनिवार-रविवार गाडीत बसून बोईसरला येऊ शकते. आणि घरात जी सून किंवा मुलगी हे सगळं उपसते, तिला निदान 'दमलीस का' एवढं तरी विचारा. पुष्कळ घरांत तेवढंही कोणी विचारत नाही.

कागदपत्रं आईला अजून समजतंय तोवर करा. बँकेचं वारस-नाव, पेन्शन, मृत्युपत्र. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण आहे. कार्ड काढून ठेवा. ते दाखल झाल्यावर उपयोगी पडतं, घरच्या बाईच्या पगाराला नाही.

हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७. मनावर फार ताण आला, जगणं नको वाटलं, तर टेलि-मानस १४४१६, रात्री-अपरात्रीसुद्धा. माणूस हरवलं तर ११२. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे, लगेच तक्रार करा.

माणूस हरवायची भीती खरी आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' चित्रपट मिळाला तर घरी सगळ्यांनी बसून बघा. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती गेलेल्या संस्कृत पंडिताचं काम केलंय. मुलगी त्यांना थोडा वेळ गाडीत ठेवून जाते आणि ते हत्तीमागून चालू लागतात. ती मुलगी निष्काळजी नाही. एका माणसाचे दोन डोळे दिवसभर पुरत नाहीत, एवढंच. आपल्याकडे रेल्वेचे रूळ जवळ, विहिरी आहेत, खाडी आहे. आईच्या कपड्याला आतून फोन नंबर शिवा. अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रिक्षावाल्यांना, किराणावाल्याला, वॉचमनला सांगून ठेवा की ही माझी आई, एकटी दिसली तर थांबवा आणि फोन करा. आजार लपवलात तर शेजारी मदत करू शकत नाहीत. बाहेरून कडी लावून जायची वेळ आलीच, तर एक किल्ली शेजारी द्या, सिलिंडर बंद करा आणि लवकर परत या. रोजचीच ती वेळ असेल, तर माणूस शोधा.

शेवटच्या दिवसांचंही आत्ताच बोलून ठेवा. आईला खाता येईना, वारंवार दवाखाना झेपेना, तेव्हा तिला परत नळ्या-यंत्रांत न्यायचं की घरी शांत ठेवायचं? ज्या उपचाराचा त्रासच जास्त आणि उपयोग नाही, तो थांबवायला कॅथलिक चर्चची मनाई नाही. फादर आणि डॉक्टर दोघांशी बोला. भावंडांसमोर बोला, म्हणजे नंतर 'तूच मारलंस' असं कोणी कोणाला म्हणणार नाही.

आणि ती गेल्यावर हलकं वाटेल. पहिल्या रात्री तुम्ही गाढ झोपाल आणि सकाळी त्याचंच वाईट वाटेल. वाटू देऊ नका. तुम्ही तिला वर्षानुवर्षं थोडं थोडं गमावलंय. रडणं कधीच सुरू झालेलं होतं. तिच्यासाठी मिस्सा सांगा, नोव्हेंबरात कबरीवर मेणबत्ती लावा. आणि तुमचा रक्तदाब, साखर तपासून घ्या, जे एवढी वर्षं राहून गेलं.

ज्यांच्या घरी असं आजारी कोणी नाही, त्यांना एक विनंती. तुमच्या वाडीत, तुमच्या सोसायटीत असं एक घर नक्की आहे. तिथे नुसती विचारपूस करून परत फिरू नका. या रविवारी तुम्ही सकाळच्या मिस्सेला जा. मग त्या घरी जाऊन आजीजवळ दोन तास बसा आणि तिच्या सुनेला म्हणा, आता तू संध्याकाळच्या मिस्सेला जा, नाही तर नुसती झोप, मी आहे इथे.